वाफसा

इंग्रजी वाङ्मयाचा अध्यापक हा दोन ऋतुचक्रांत राहणारा प्राणी आहे. एक ऋतुचक्र त्याच्या पुस्तकांत असतें, दुसरें वर्गाच्या खिडकीबाहेर. आणि या दोहोंची कशीबशी गांठ घालून देण्याबद्दल त्यास वेतन मिळतें. कीट्स कवीची शरदावरील प्रसिद्ध कविता आम्ही गेलीं अठ्ठावीस वर्षें शिकवीत आहों. १९ सप्टेंबर १८१९ रोजीं विंचेस्टर गांवीं, कापणी झालेल्या शेतांच्या बाजूनें फेरफटका करून आल्यावर, कवीनें ती लिहिली, एवढी प्रस्तावना करून आम्ही वर्गाकडे पाहतों. त्या सुमारास आपल्याकडे एक तर उत्तरा नक्षत्राचा पाऊस पत्र्यावर ताशा वाजवीत असतो, नाहीं तर पाऊस उघडून ऑक्टोबरचें ऊन बाकांवर उतरलेलें असतें. विद्यार्थी घाम पुसतात आणि परदेशांतल्या धुक्याचीं टिपणें उतरून घेतात. शरद म्हणजे वर्षाचा उतार, कोठारें भरल्यावरची सुस्ती, दाराशीं येऊन ठेपलेल्या थंडीची चाहूल, असा अर्थ आम्हीं त्यांस सांगावा, तो त्यांनीं परीक्षेंत आम्हांस परत करावा, आणि उभयपक्षीं व्यवहार चोख व्हावा, असा हा क्रम वर्षानुवर्षें चालला होता.

या अर्थांत कांहीं उणें आहे हें कळण्यास आम्हांस वयाचीं पन्नास वर्षें लागलीं, आणि वडिलांचे तीस गुंठे.

पुण्याहून दिवे घाट चढून गेलें कीं पुरंदर तालुका लागतो. सासवडच्या बाजूचा हा मुलूख अंजीर, सीताफळ आणि वाटाणा यांसाठीं नांवाजलेला आहे. आचार्य अत्रे यांचें जन्मगांव कोडीत याच मुलखांत आहे, आणि ज्या कऱ्हा नदीचें नांव त्यांनीं आपल्या आत्मचरित्रास दिलें तीहि येथूनच वाहते. आमच्या जमिनीचा वाङ्मयाशीं संबंध एवढाच. वडील प्राथमिक शाळेंत शिक्षक होते. भाऊबंदांच्या वाटणींत हा तुकडा त्यांच्या वांट्यास आला, आणि निवृत्तीनंतरचीं वीस वर्षें त्यांनीं त्यावर फुलें व भाजीपाला करण्यांत घालविलीं. सुटींत आम्ही तेथें जात असूं तें पाहुणे म्हणून; विहिरीच्या कट्ट्यावर बसून पुस्तक वाचावें, आणि परत येतांना मोटारींत वांगीं भरून आणावीं, एवढाच आमचा शेतीशीं परिचय. २०१८ सालीं वडील वारले. जमीन विकावी असें नात्यांतील बहुतेकांचें मत पडलें. परंतु त्यांनीं लावलेली शेवंती त्या वेळीं कळ्यांवर आलेली होती, आणि कळ्यांवर आलेलें शेत विकण्यास मन धजेना. शेवंती संपेपर्यंत म्हणून आम्ही थांबलों, ते अद्याप थांबलेलेच आहों.

शेजारच्या बांधाचे मालक वडिलांच्या बरोबरीचे. सारें गांव त्यांना आबा म्हणतें, म्हणून आम्हीहि आबाच म्हणतों. वडिलांना ते गुरुजी म्हणत. आम्हांस सर म्हणतात. या दोन संबोधनांत किती अंतर आहे हें आम्हांस मागाहून कळलें.

शनिवार-रविवारची आणि दिवाळीच्या सुटीची आमची शेती २०१९ सालीं सुरू झाली. शरद म्हणजे विसांवा, हें इतकीं वर्षें शिकवीत आल्यामुळें आम्ही भाद्रपद संपतांना अंगणांत खुर्ची टाकून बसण्याच्या बेतानें गेलों होतों. पाहतों तों शेतांत वर्षांतली सर्वांत मोठी धांदल उडालेली! ज्या सकाळीं उजव्या हाताच्या पट्ट्यांत झेंडूची तोडणी, त्याच सकाळीं डाव्या हाताला कोबीचें बीं टाकणें. एका पाटींत पिकलेलें, दुसऱ्या पाटींत पेरावयाचें. आणि दोन्ही पाट्या एकाच बाईच्या डोक्यावरून जाव्यात, हा देखावा आमच्या कोणत्याहि टिपणांत नव्हता.

थंडीच्या भाज्यांचा जन्म या दिवसांत गादीवाफ्यावर होतो. तीन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि वीतभर उंच अशी मातीची गादी करावयाची. तिच्यांतले खडे, मुळ्या व ढेकळें दाताळ्यानें ओढून काढावयाचीं. चाळलेलें शेणखत मिसळावयाचें. आणि मग चार चार बोटांच्या अंतरानें आडव्या रेघा ओढून त्यांत बीं सोडावयाचें. कोबी, फ्लॉवर आणि मोहरी हीं एका कुळांतलीं. तिन्हींचें बीं तळहातावर शेजारीं ठेवलें तर आमच्यासारख्यास ओळखूं येत नाहीं. कांद्याचें बीं काळें व कोनदार. तें वर्षभरांत जुनें होतें, आणि मग कितीहि पाणी घातलें तरी डोळा उघडीत नाहीं. कोबी-फ्लॉवरचीं रोपें चारपांच आठवड्यांत दुसरीकडे लावण्याजोगीं होतात. कांद्याच्या रोपांस दीडदोन महिने लागतात. या सर्व काळांत झारीनें पाणी घालावयाचें तें असें, कीं मातीस ओल मिळावी पण बीं उघडें पडूं नये. पहिल्या दिवशीं आम्हीं झारी जरा उदार हातानें धरली, तर सारें बीं वाहून वाफ्याच्या एका कोंपऱ्यांत गोळा झालें. कामास आलेल्या बायकांपैकीं एक म्हणाली, "सर, समद्या पोरान्ला एकाच बाकावर बशीवलंत कीं!"

त्याच बायकांनीं आम्हांस पुढचें सर्व शिक्षण दिलें. धना पेरण्यापूर्वीं चपलेखालीं हलक्या पायानें रगडावा लागतो, कारण ज्याला आपण एक दाणा समजतों त्यांत दोन बिया असतात. लसणीच्या गड्ड्याच्या बाहेरच्या मोठ्या पाकळ्या लावावयाच्या, आणि टोंक वर करूनच लावावयाच्या. वाटाणा टोकतांना पुढें तोंड करून पाठीमागें सरकत जावें, म्हणजे आपलेंच पाऊल आपल्या दाण्यावर पडत नाहीं. लव्हाळ्याचें नुसतें वरचें गवत खुरपून समाधान मानूं नये. त्याची गांठ जमिनीखालीं राहते आणि चार दिवसांनीं पुन्हां वर येऊन हंसते. शेवटच्या गोष्टीस आम्हीं कान दिला नाहीं. चार दिवसांनीं लव्हाळा हंसला.

त्या वर्षीं २५ सप्टेंबरच्या रात्रीं पुण्याच्या दक्षिण भागांत व पुरंदरांत भयंकर पाऊस झाला, कऱ्हेला पूर आला, आणि अनेकांचीं शेतें खरवडून गेलीं. आमचा तुकडा बचावला. ८ ऑक्टोबरला दसरा होता. त्याच्या आधीं तीन दिवस झेंडू ऐन भरांत आला, आणि बाजारांत बरा भाव मिळाला. हें सारें आमच्या नियोजनाचें फळ, असें आम्हीं खाजगी रीतीनें ठरवून टाकलें, आणि त्या वर्षाच्या सर्व तारखा एका वहींत नीट लिहून ठेविल्या. अमुक तारखेस रोपें टाकलीं, अमुक तारखेस लागवड, अमुक तारखेस पहिली तोडणी. प्राध्यापकानें एकदां वेळापत्रक केलें कीं तें पुढच्या वर्षीं फक्त नक्कल करावयाचें असतें.

२०२० सालीं महामारीमुळें महाविद्यालय बंद होतें, आणि आम्ही बहुतेक मुक्काम शेतावरच हलविला. ऑनलाइन तास विहिरीच्या कट्ट्यावरून घेत असूं, कारण मोबाइलला तेवढ्याच जागीं सूर सांपडे. वहींतल्या तारखांबरहुकूम ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यांत झेंडूची लागवड झाली. सऱ्या पाडल्या जात असतांना आबा बांधावर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सर, औंदा मधीं धोंडा हाय बरं." नांगराच्या तासांत मुरुमाचे खडे निघतच होते. आम्ही म्हणालों, "असूं द्या आबा, वेंचून काढूं." आबांनीं आमच्याकडे क्षणभर पाहिलें. शिकलेल्या माणसाच्या विनोदावर हंसावें कीं नाहीं हें न कळून ते निघून गेले, आणि आपल्या पट्ट्यांत लागवड करण्यास त्यांनीं आणखी तीन आठवडे लावले.

धोंडा म्हणजे धोंड्याचा महिना, अधिक मास, हें आमच्या ध्यानीं आलें तेव्हां सप्टेंबर संपत आला होता, आणि शेत पिवळ्या-केशरी रंगानें नुसतें पेटलें होतें. त्या वर्षीं आश्विनच अधिक आला होता. १८ सप्टेंबर ते १६ ऑक्टोबर हा महिना सणावांचून कोरडा जावयाचा होता, आणि दसरा २५ ऑक्टोबरला यावयाचा होता. झेंडूला पंचांग कळत नाहीं. लागवडीपासून दोनएक महिन्यांनीं तो फुलतो, बाहेर सण असो वा नसो. देवळें महामारीमुळें बंद, लग्नें कशीबशीं उरकलेलीं, त्यांत अधिक मास. फुलें घ्यावयाचीं कोणीं? दोन तोडण्यांच्या गोण्या बाजारांत धाडल्या, तों अडत्याकडून आलेल्या पट्टींत तोडणीची मजुरीहि निघाली नव्हती. तिसऱ्या तोडणीस आम्हीं माणसें बोलाविलीं नाहींत. फुलें झाडांवरच राहूं दिलीं. दसऱ्यापर्यंत कांहीं टिकतील, नवीं कांहीं येतील, अशी आशा होती.

त्या शेतांत त्या वेळीं तिहेरी काळगणना चालू होती, असें आतां वाटतें. आमच्या वहींत इंग्रजी तारखा. आबांच्या डोक्यांत तिथि आणि नक्षत्रें. तिसरी गणना वडिलांच्या शेवंतीची. शेवंतीस कळी धरण्यास लांब रात्र लागते. ज्येष्ठ-आषाढांतल्या तोकड्या रात्रीं ती फक्त पानें वाढवीत बसते. सप्टेंबरच्या २२-२३ तारखेच्या सुमारास दिवस आणि रात्र समान होतात, त्याच्या आगेमागें ती जागी होते, आणि रात्र लांबत जाईल तसतशी कळ्यांनीं भरते. मोठ्या फूलशेतींत रात्रीं दिवे लावून तिला उन्हाळ्याचा भास करून देतात आणि फूल लांबणीवर टाकतात, इतका तिचा अंधाराचा हिशेब पक्का असतो. अधिक मास, महामारी, विद्यापीठाच्या परीक्षा, यांतलें कांहींहि तिच्या हिशेबांत येत नाहीं.

१४ ऑक्टोबरला दुपारपासून आभाळ काळवंडलें. बंगालच्या उपसागराकडून निघालेलें वादळी हवामान दक्षिण पठार ओलांडून येत आहे, असें वर्तमान होतें. संध्याकाळीं पाऊस सुरू झाला तो रात्रभर. पत्र्याच्या आवाजानें बोलणें ऐकूं येईना. आमच्या सौभाग्यवतींनीं एकदां कंदील घेऊन दार उघडलें, बाहेर पाहिलें, आणि कांहीं न बोलतां लावून घेतलें.

सकाळीं पाहिलें तों शेत उभें नव्हतें. झेंडूचें फूल म्हणजे एक फूल नव्हे; शेंकडों बारीक फुलांचा तो एक दाट झुबका असतो, आणि भिजला म्हणजे स्पंजाप्रमाणें पाणी धरून बसतो. त्या भारानें झाडें मुळापाशीं लोळलीं होतीं. सऱ्यांत गुडघाभर नाहीं तरी घोटाभर पाणी उभें होतें, आणि पाकळ्यांची पिवळी साय त्यावर तरंगत होती. आबांच्या पट्ट्यांतलें पाणी मात्र निघून गेलेलें. त्यांनीं दोन दिवस आधीं चर काढून ठेविले होते. मागल्या वर्षीं आमच्या तुकड्यांतले चर कोणीं काढले होते, हें तेव्हां आमच्या लक्षांत आलें. आम्हीं वहींत त्याची तारीख लिहिलेली नव्हती.

त्याच सकाळीं मोबाइलवर एका मध्यस्थाचा निरोप आला. जागा पाहून ठेविलेलें गिऱ्हाईक अजून तयार आहे, भाव मागच्यापेक्षां वाढवून देईल, काय तें आजच्या आज कळवावें. आम्हीं 'ठीक आहे, बोलूं' असें लिहिलें देखील. परंतु घरांत सूर नव्हता, निरोप गेला नाहीं. तो पाठविण्यासाठीं विहिरीकडे निघालों. वाटेंत लोळलेलीं झाडें दिसलीं आणि मनांत विलक्षण त्वेष आला. निदान हें सारें आतांच्या आतां उपटून काढावें, कांहीं तरी हातानें करावें, म्हणून कुदळ घेऊन आम्ही सरींत उतरूं लागलों. बांधावरून आबांनीं हांक मारली.

"सर, वर या. आज शेतांत पाय घालूं नका."

"आबा, सगळें विकून टाकावें म्हणतों."

आबा जवळ आले. त्यांनीं वांकून चिखलाची एक मूठ उचलली, दाबली, आणि कमरेइतक्या उंचीवरून खालीं सोडली. ती फतकल मारून बसली. "वाफसा न्हाई," ते म्हणाले. "वाफसा येईतोंवर कायबी करायचं न्हाई."

हें ते जमिनीविषयीं बोलले कीं विक्रीविषयीं, तें आम्हीं विचारलें नाहीं, आणि त्यांनींहि सांगितलें नाहीं.

वाफसा हा शब्द आम्हीं लहानपणापासून ऐकलेला. पण ज्याला आपण मातृभाषा म्हणतों तिच्यांतले किती शब्द आपण नुसते ऐकूनच वृद्ध होतों! इंग्रजींत त्यास जोडीचा शब्द शोधण्याचा खटाटोप आम्हीं त्या दिवशीं केला, कारण दुसरें कांहीं करण्याची मनाई होती. 'टिल्थ' हा शब्द आठवला. परंतु तो मशागत केलेल्या मातीचा गुण सांगतो, मशागतीची वेळ सांगत नाहीं. वाफसा म्हणजे मातीची वेळ. पाऊस पडल्यावर मातीच्या कणांमधल्या सर्व पोकळ्या पाण्यानें भरतात. त्या वेळीं मुळांस हवा मिळत नाहीं, आणि अवजार घातलें तर काळी माती चिकटून तिचीं दगडासारखीं ढेकळें होतात. नुसतें चाललें तरी पावलाखालची माती दबून बसते आणि तें पाऊल पुढें महिनाभर पिकांत दिसतें. उलट, फार दिवस थांबलें तर तीच माती कडक होऊन भेगाळते आणि कुदळीस दाद देत नाहीं. या दोहोंच्या मध्यें दोनचार दिवस असे येतात, कीं पोकळ्यांत पाणीहि असतें आणि हवाहि असते, माती हातांत धरवते आणि हातांतून सुटतेहि. तेवढेच दिवस पेरणाऱ्याचे.

पांच दिवस आम्ही थांबलों. रोज सकाळीं बांधाच्या कडेची मूठभर माती घ्यावयाची, गोळा करावयाचा आणि कमरेवरून सोडावयाचा. दुसऱ्या दिवशीं तो लोण्यासारखा पसरला. तिसऱ्या दिवशीं चपटा झाला. चवथ्या दिवशीं त्याला एक चीर गेली. मध्यस्थाचे आणखी दोन निरोप आले. आमच्या सौभाग्यवतींना आम्हीं त्यांचें मत विचारलें, तेव्हां त्या म्हणाल्या, "तुम्ही रोज तो गोळा टाकून पाहतां ना? पाहा तो काय म्हणतो तें."

याच पांच दिवसांत आमचा कीट्सवरचा तास आला. विहिरीच्या कट्ट्यावर बसून, समोर कुजत चाललेला झेंडू पाहत, त्याचा उग्र वास नाकांत घेत, आम्हीं शरदाची ती समृद्धि मोबाइलकडे पाहून समजावून दिली. तास संपतांना एका विद्यार्थ्यानें प्रश्न विचारला. तो शेतकऱ्याचा मुलगा. लॉकडाउनमध्यें गांवीं गेलेला, आणि बहुधा बांधावरूनच ऐकत असलेला. "सर, त्या कापणी झालेल्या शेतांत ते लोक पुढें काय पेरतात?"

अठ्ठावीस वर्षें नव्हे, पण तेव्हां झालेल्या बावीसतेवीस वर्षांत हा प्रश्न आम्हांस कोणीं विचारला नव्हता, आणि आमच्याहि मनांत तो कधीं आला नव्हता. उत्तर ठाऊक होतें, तरी तें त्या कवितेशेजारीं कधीं ठेविलें नव्हतें. इंग्लंडांत गव्हाची पेरणी ऑक्टोबरांतच होते. शरदांत पेरलेला गहूं थंडींत जमिनीशीं बसून राहतो आणि पुढल्या उन्हाळ्यांत कापणीस येतो. म्हणजे कवीनें पाहिलेल्या त्या मोकळ्या शेतांतहि थोड्याच दिवसांत नांगर चालला असणार, आणि कोणी तरी बियाण्याची पिशवी घेऊन तेथें उभा राहिला असणार.

तोंवर आमची अशी समजूत झाली होती, कीं शरदाचा तो अर्थ परक्या मातीचा आहे आणि आपल्या मातीचा वेगळा आहे. त्या मुलाच्या प्रश्नानें ती समजूत मोडली. फरक दोन देशांत नव्हता. शेताकडे पाहणारा आणि शेतांत उतरणारा यांच्यांत होता. फेरफटका करणाऱ्यास शरदांत शेवट दिसतो, आणि तो त्यास सुंदरहि दिसतो, त्यांत कवीचा दोष नाहीं. पण ज्याच्या हातांत पुढचें बीं आहे त्यास तो शेवट पाहण्यास सवड नसते. आमच्यापुढें झेंडू कुजत होता, आणि त्याकडे आम्ही पांच दिवस फेरफटका करणाऱ्याच्या डोळ्यांनीं पाहत होतों.

१९ ऑक्टोबरला, सोमवारीं, सकाळीं सोडलेला गोळा जमिनीवर पडून फुटला आणि त्याचे दाणे दाणे झाले. आबांना हांक मारावी लागली नाहीं. त्यांच्या बांधावरून पॉवर टिलरचा आवाज येतच होता. आम्ही, सौभाग्यवती आणि दोन बायका असे चौघे कामास लागलों. झेंडूचीं झाडें उपटून, मुळांची माती झटकून, विळ्यानें तुकडे करून खताच्या खड्ड्यांत टाकलीं. जीं चार फुलें झाडावरच वाळून कोरडीं राहिलीं होतीं तीं सौभाग्यवतींनीं वेगळीं काढलीं. त्यांत काळें, पांढऱ्या शेपटीचें बीं असतें. उपटतांना आबा म्हणाले, "ह्या रानांत आतां भाजी चांगली येईल. झेंडू व्हता न्हवं?" पुढें वाचून पाहिलें तेव्हां कळलें कीं ही गोष्ट खरी आहे. मुळांवर गांठी आणणारे सूत्रकृमि म्हणून बारीक जंतु जमिनींत असतात. झेंडूच्या जिवंत मुळांतील द्रव्यानें त्यांचा बंदोबस्त होतो, म्हणून टोमॅटो-वांग्यांच्या आधीं झेंडू घेण्याची चाल आहे. वर फुलांचा भाव पडत होता, बाजार बंद होता, आम्ही हळहळत होतों, आणि खालीं त्या मुळ्या अडीच महिने मुकाट्यानें आपलें काम करीत होत्या.

दुपारपर्यंत सपाट वाफे तयार झाले. आबांनीं मेथी सुचविली. तिला जास्तींत जास्त महिना पुरतो, आणि ज्याचा हात नुकताच पोळला आहे त्यानें लवकर येणारें पीक घ्यावें, असें त्यांचें म्हणणें. मूठमूठ बीं वाफ्यावर फोकून आम्हीं बोटांनीं मातींत मिसळलें. माती बोटांस गार लागत होती आणि चिकटत नव्हती. त्या संध्याकाळीं आमची पाठ इतकी दुखत होती कीं दुसऱ्या कशाचेंहि दुःख करण्यास जागा राहिली नाहीं.

चवथ्या दिवशीं मेथी उगवली. २५ तारखेस दसरा झाला. पावसानें सर्वत्र झेंडूची नासाडी झालेली असल्यामुळें बाजारांत फुलांचे भाव चढले होते, आणि ज्यानें ऑगस्टांतच झेंडू लावला होता त्या आमच्या दारास तोरणापुरतें फूल नव्हतें. सकाळीं आबांचा नातू परडी घेऊन आला. टपोरीं केशरी फुलें, वर आपट्याचीं चार पानें. पैशांचा विषय काढतांच तो म्हणाला, "आबांनीं सांगितलंय, गुरुजींच्या घराला पैशे न्हाई." हा झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा. तिकडे नोव्हेंबरच्या आरंभीं गेलेल्या माणसांच्या स्मरणासाठीं याच फुलांनीं वाट सजवितात, म्हणजे त्यांस घर सांपडावें. आपल्याकडे तो दाराच्या चौकटीवर चढला. त्या दिवशीं वडिलांच्या कुदळीची व खुरप्याची पूजा करतांना आम्हांस हे दोन्ही उपयोग फारसे भिन्न वाटले नाहींत.

१६ नोव्हेंबर हा दिवाळीचा पाडवा. महाराष्ट्रांतलीं देवळें त्याच दिवशीं पुन्हां उघडलीं, आणि शेवंतीस एकाएकीं मागणी आली. ती तिच्या हिशेबानें वेळेवर हजर होतीच. १४ ऑक्टोबरच्या पावसांत ती कळीच्या मुठींत मिटलेली असल्यामुळें तिचें कांहीं बिघडलें नव्हतें. मेथीचा तो अठ्ठाविसावा दिवस. पहांटे दंव असतांना मेथी उपटून जुड्या बांधल्या, आणि आबांच्या टेंपोंतून शेवंतीबरोबर त्या सासवडला गेल्या. वाचकांस असें वाटण्याचा संभव आहे कीं येथें आमचा तोटा भरून निघाला. तसें कांहीं झालें नाहीं. मेथी आणि शेवंती यांचे पैसे जमेस धरूनहि त्या वर्षीं खर्चाची बाजू जड राहिली, आणि ती आमच्या पगारानें उचलली. ज्याच्या पाठीशीं पगार नाहीं त्यानें अशा वर्षीं काय करावें, हा प्रश्न त्या वहींत शिल्लक आहे, आणि शेतीवर गोड लेख लिहिण्याचा मोह झाला म्हणजे आम्ही तें पान उघडून पाहतों.

मध्यस्थास आम्हीं पाडव्याच्या दुसऱ्या दिवशीं नकार कळविला. त्याला त्याचें नवल वाटलें; आजच्या आज कळवा म्हटलेल्या गोष्टीस महिना लागला होता.

आतां भिंतीवर दोन दिनदर्शिका असतात, आणि त्यांच्या मध्यें आबा. २०२३ सालीं अधिक श्रावण आला आणि दसरा २४ ऑक्टोबरपर्यंत पुढें गेला, तेव्हां लागवडीपूर्वीं आम्हीं स्वतः बांधावर जाऊन विचारलें, "आबा, औंदा धोंडा आहे ना?" आबा म्हणाले, "हाय. वेंचून काढायचा का?" म्हणजे तीन वर्षें तो विनोद त्यांनीं जपून ठेविला होता.

शरद् या शब्दाचा एक जुना अर्थ वर्ष असाहि आहे. आयुष्याची मोजदाद आपले पूर्वज शरदांनीं करीत. त्या हिशेबानें आमच्या पदरीं पन्नासांहून बरेच अधिक शरद जमा झाले आहेत, आणि निवृत्ति समोर दिसूं लागली आहे. पूर्वीं तिचा विचार आला म्हणजे अंगणांत खुर्ची टाकल्याचें चित्र डोळ्यांपुढें येई. आतां गादीवाफा दिसतो, आणि कांद्याचें बीं यंदाचें आहे ना, अशी चिंता वाटते.

ती कविता आम्ही अजून शिकवितों, आणि पूर्वींहून अधिक आवडीनें. मात्र व्याख्यान संपल्यावर, टिपणांत नसलेला एक प्रश्न विद्यार्थ्यांस घरीं नेण्यासाठीं देतों: 'या शेतांत पुढच्या आठवड्यांत काय पेरतील?' परीक्षेंत तो येत नाहीं, त्यास गुणहि नाहींत. तरी दरवर्षीं एखाददुसरा विद्यार्थी उत्तर लिहून आणतो, आणि त्याच्या नखांत माती आहे कीं काय, हें आम्ही हळूच पाहून घेतों.